धाराशिवचा काळा दगड, कुलाब्याचे पोलाद : कायम चुंबकांच्या प्रकारांचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. नळदुर्गचा किल्ला याच काळ्या दगडाचा, परंड्याचा तट याच दगडाचा आणि गावोगावच्या जुन्या वाड्यांची जोतीही याच दगडाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेण्यात आलेल्या खोल विंधनविवरात या बेसाल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात असले तरी १९८२ पर्यंत तो उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, हे येथे ध्यानात घ्यावे. या खडकात मॅग्नेटाइट आणि टिटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या लोहखनिजांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. त्यामुळे आपल्या परिसरातील प्रत्येक दगड हा अतिशय दुर्बळ, परंतु खऱ्या अर्थाने कायम असा चुंबक आहे. होकायंत्र घेऊन जमीन मोजणाऱ्यांना याचा अनुभव येतो. उघड्या खडकाजवळ, विशेषतः वीज पडलेल्या माथ्यावर, सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते. सर्वेक्षणशास्त्रात यालाच स्थानिक आकर्षण म्हणतात.

कायम चुंबकांची तुलना करताना आपली पाठ्यपुस्तके बहुधा एकच प्रश्न विचारतात : कोणता चुंबक अधिक शक्तिमान? पोलादापेक्षा अल्निको, अल्निकोपेक्षा समेरियम-कोबाल्ट आणि सर्वांच्या वर निओडिमियम अशी एक चढती शिडी विद्यार्थ्यांपुढे ठेवली जाते. ही शिडी चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. 'कायम' या विशेषणाचा विचार तिच्यात होत नाही. चुंबक किती ओढतो हा एक प्रश्न आणि तो किती काळ, किती उष्णतेत, किती विरोधात आपले चुंबकत्व टिकवतो हा दुसरा. महाराष्ट्रातील विज्ञानाच्या इतिहासात या दुसऱ्या प्रश्नाला निर्णायक महत्त्व आलेले एक ठळक उदाहरण आहे, ते म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा व तिची उत्तराधिकारी अलिबागची वेधशाळा. प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे कायम चुंबकांच्या प्रकारांकडे पुन्हा पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

रसग्रंथांतील वर्गीकरण

लोखंड ओढणाऱ्या दगडाचा परिचय भारतीयांना प्राचीन काळापासून होता. त्याचे 'अयस्कांत' हे नाव संस्कृत वाङ्मयात रूढ आहे. वैशेषिक सूत्रांत सुईच्या चुंबकाकडे सरकण्याचा उल्लेख असून त्या गतीचे कारण 'अदृष्ट' असे दिले आहे. तथापि, चुंबकांचे प्रकार पाडून त्यांची तुलना करण्याचा प्रयत्न दिसतो तो मध्ययुगीन रसग्रंथांत. साधारणपणे तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात कांतलोहाचे पाच प्रकार सांगितले आहेत : भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमक. लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, त्याला चिकटतो तो चुंबक, दुरून ओढून घेतो तो कर्षक, त्याला वितळवतो तो द्रावक आणि फोडल्यावर ज्यातून केसांसारखे तंतू निघतात तो रोमक. याशिवाय एकमुख, द्विमुख येथपासून सर्वतोमुखापर्यंत मुखांच्या संख्येवरून, तसेच रंगावरूनही भेद केलेले आहेत.

द्रावक हा प्रकार आज कोणी प्रयोगशाळेत दाखवू शकणार नाही. परंतु वर्गीकरणाची दृष्टी पाहण्यासारखी आहे. लोखंडावर होणाऱ्या परिणामाची तीव्रता हाच येथे निकष आहे. भस्मासाठी दगड निवडणाऱ्या वैद्याला तेवढे पुरेसे होते, कारण तो चुंबक पुढे शुद्ध करून, जाळून वापरला जाणार होता. त्याचे चुंबकत्व पन्नास वर्षांनी किती उरेल याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आजची पाठ्यपुस्तकेही नकळत याच निकषाला धरून आहेत, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

कुलाब्याचे पोलादी चुंबक

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. तिचा मूळ हेतू खगोलीय वेध व जहाजांसाठी अचूक वेळ हा होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे तेथे १८४१ मध्ये सुरू झाली. त्या काळी गाउस, वेबर, लॉइड आदी शास्त्रज्ञांच्या प्रेरणेने जगभर चुंबकीय वेधशाळांचे जाळे उभे राहत होते आणि मुंबई हे त्यातील एक स्थान होते. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्याकडे हे काम होते. मराठी वाचकांना अधिक जवळची अशी दोन नावेही येथे येतात. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० च्या दशकाच्या प्रारंभी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली, तर पुढे गणिती म्हणून कीर्ती मिळवलेले केरो लक्ष्मण छत्रे ऐन तारुण्यात येथे सहायक म्हणून दाखल झाले. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आणि मराठी गणित-ज्योतिषाचा इतिहास लिहिताना या दोघांचे चुंबकशास्त्राशी असलेले नाते एका ओळीत उरकले जाते, याची खंत वाटते.

त्या काळी उपलब्ध असलेला चुंबक म्हणजे कठीण केलेल्या कार्बनयुक्त पोलादाची पट्टी. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलेले पोलाद कठीण होते व चुंबकत्व धरून ठेवते, मऊ लोखंड ते धरत नाही, हे कारागिरांना शतकानुशतके ठाऊक होते. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेल्या उपकरणांत अशी पट्टी तंतूने आडवी टांगलेली असे. पृथ्वीचे क्षेत्र बदलले की पट्टी किंचित वळे. दूरच्या दुर्बिणीतून निरीक्षक तिच्यावरील आरशात पडलेले मोजपट्टीचे प्रतिबिंब वाचत असे. हे वाचन रात्रंदिवस, ठरावीक वेळेला, डोळ्यांनी आणि हाताने चाले. प्रकाशचित्रणाने आपोआप नोंद घेणारी यंत्रे कुलाब्यास आली ती १८७२ मध्ये.

येथे कायमपणाचा प्रश्न उभा राहतो. पोलादाची निग्राहिता, म्हणजे चुंबकत्व नष्ट करू पाहणाऱ्या बाह्य क्षेत्राला तोंड देण्याची क्षमता, फारच थोडी असते : साधारण चार किलोअँपिअर प्रति मीटर. चुंबकाच्या दोन ध्रुवांमुळे त्याच्या स्वतःच्या अंतर्भागात उलट दिशेचे क्षेत्र निर्माण होत असते. पट्टी आखूड व जाड असेल तर हे क्षेत्रच तिचे चुंबकत्व खाऊन टाकते. जुने चुंबक लांब, बारीक किंवा घोड्याच्या नालेच्या आकाराचे का असत, आणि नालेच्या दोन टोकांना लोखंडी तुकडा लावून का ठेवत, याचे कारण हेच आहे. आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांत जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी आणून व टोकांना लोखंडी पट्ट्या लावून ठेवायचे पट्टी-चुंबक सुटे पडलेले आढळतात आणि दहा वर्षांनी 'चुंबक कमजोर निघाले' अशी नोंद होते. दोष बहुधा ठेवण्याच्या पद्धतीचा असतो.

धक्का, उष्णता आणि निव्वळ काळ यांनीही पोलादी चुंबक क्षीण होत जातो. मग अशा क्षीण होणाऱ्या मापाने पृथ्वीचे क्षेत्र वर्षानुवर्षे मोजायचे कसे? क्षेत्र घटले की चुंबक घटला, हे ओळखायचे कसे? याचे उत्तर गाउस यांनी १८३२ मध्ये दिले होते. एक चुंबक टांगून त्याच्या आंदोलनाचा काळ मोजावा. त्यावरून चुंबकाचे चुंबकीय आघूर्ण आणि पृथ्वीचे क्षितिजसमांतर क्षेत्र यांचा गुणाकार मिळतो. मग त्याच चुंबकाने दुसऱ्या सुईला किती विचलित केले ते मोजावे. त्यावरून त्याच दोन राशींचा भागाकार मिळतो. गुणाकार व भागाकार दोन्ही हाती आले की दोन्ही राशी स्वतंत्रपणे निघतात. चुंबक कालच्यापेक्षा दुबळा झाला असला तरी उत्तर बिघडत नाही, उलट तो किती दुबळा झाला हेही कळते. कंपन चुंबकत्वमापक आणि विचलन चुंबकत्वमापक हे दोन प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत स्वतंत्र प्रयोग म्हणून केले आहेत. ते एकाच युक्तीचे दोन अर्धे भाग आहेत हे मात्र फार थोड्यांना सांगितले गेले असेल. प्रस्तुत लेखकालाही ते शिकवायला लागल्यानंतरच उमगले.

अर्थात ही निरपेक्ष मापने अधूनमधूनच घेता येत. दोन मापनांच्या मधल्या काळात टांगलेल्या पट्टीवरच विसंबून राहावे लागे. म्हणूनच चुंबक वापरण्यापूर्वी त्याला मुद्दाम 'जुना' करण्याची पद्धत रूढ झाली. श्ट्रूहाल व बॅरस यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिले की, चुंबक दीर्घकाळ वाफेत तापवला तर त्याचे काही चुंबकत्व जाते, पण उरलेले पुढे स्थिर राहते. शक्ती थोडी गमावून स्थैर्य मिळवण्याचा हा व्यवहार होता.

१८५९ ची नोंद आणि तापमानाचा हिशेब

२ सप्टेंबर १८५९ रोजी दुपारपूर्वी कुलाब्याच्या निरीक्षकांना क्षितिजसमांतर क्षेत्र एकाएकी कोसळताना दिसले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तेजस्वी स्फोट पाहिला होता, त्याचाच हा परिणाम. कुलाब्याच्या नोंदीतील घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे तेथील क्षेत्राच्या साधारण चार टक्के होती. युरोपातील अनेक वेधशाळांच्या यंत्रांची मोजपट्टी त्या वादळात अपुरी पडली, तर विषुववृत्ताकडील अक्षांशावरची कुलाब्याची नोंद शाबूत राहिली. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी २००३ मध्ये या नोंदीचे पुनर्विश्लेषण प्रसिद्ध केले. तेव्हापासून अतितीव्र सौर वादळांच्या चर्चेत ती आधारभूत मानली जाते. विद्युतजाळी आणि उपग्रह यांना असलेल्या धोक्याचा अंदाज बांधताना आजचे शास्त्रज्ञ ज्या आकड्याकडे वळतात, तो एका पोलादी पट्टीच्या वळण्यावरून वाचलेला आहे.

ही पट्टी विश्वासार्ह ठरली ती शक्तीमुळे नव्हे. मुंबईत शांत दिवशी क्षितिजसमांतर क्षेत्राचा दैनंदिन चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो आणि एकूण क्षेत्र सुमारे ३७,००० नॅनोटेस्लांचे होते. पोलादी चुंबकाचे चुंबकत्व तापमानाच्या एका अंशाला शेकडा काही शतांश इतके बदलते. हे प्रमाण शेकडा ०.०३ धरले तर खोलीचे तापमान दहा अंशांनी बदलल्यावर केवळ चुंबकाच्या फरकामुळे सुमारे ११० नॅनोटेस्लांचा भास निर्माण होईल. मोजायच्या राशीपेक्षा दोष मोठा! म्हणून जाड भिंतींच्या खोल्या, प्रत्येक वाचनासोबत तापमानाची नोंद आणि नंतरचे कंटाळवाणे शोधन, हे सर्व अपरिहार्य होते.

आता एक काल्पनिक प्रयोग करून पाहू. त्याच उपकरणात नंतरच्या काळातील चुंबक टांगले असते तर काय झाले असते? अल्निकोचे अवशिष्ट चुंबकत्व अंशाला सुमारे ०.०२ टक्के घटते, म्हणजे दहा अंशांना दोष ७५ नॅनोटेस्लांच्या आसपास. समेरियम-कोबाल्टचे प्रमाण साधारण ०.०४ टक्के, दोष सुमारे १५०. निओडिमियमचे प्रमाण ०.११ ते ०.१२ टक्के, म्हणजे दोष चारशेच्या वर. आणि फेराइटचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे दोष सातशेच्या पुढे. पाठ्यपुस्तकातील शिडी येथे पार विस्कटते. सर्वांत शक्तिमान निओडिमियम तळाकडे जातो, निम्म्या शतकापूर्वी मागे पडलेला अल्निको वर येतो आणि एकोणिसाव्या शतकातील साधे पोलाद त्याच्या जवळपास उभे राहते. तुलना कोणत्या कामासाठी करायची हे ठरल्याशिवाय 'चांगला चुंबक' या शब्दांना अर्थ नाही.

ट्राम, पोरबंदरचा दगड आणि अलिबाग

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून व जमिनीतून परतणारा विद्युतप्रवाह कुलाब्याची निरीक्षणे निरर्थक करणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस (कार्यकाल १८९६ ते १९१९) यांनी मुंबईच्या दक्षिणेस समुद्रापलीकडे असलेली अलिबागची जागा निवडली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली, जेणेकरून जुनी व नवी मालिका जोडता यावी. विजेची ट्राम मुंबईत ७ मे १९०७ रोजी धावली, तोपर्यंत चुंबक सुखरूप हलले होते. एखादी नागरी सुविधा येण्यापूर्वीच तिच्यामुळे बाधित होणाऱ्या शास्त्रीय कार्याची अशी व्यवस्था लागल्याची उदाहरणे आपल्याकडे विरळाच.

अलिबागच्या इमारतींबाबतची एक गोष्ट धाराशिवच्या वाचकाला विशेष वाटावी. कोकणातही, आपल्याकडच्याप्रमाणेच, बांधकामाचा हाताशी असलेला दगड म्हणजे काळा बेसाल्ट. पण तो स्वतःच चुंबक असल्यामुळे त्याच्या भिंतीत पृथ्वीचे क्षेत्र मोजणे म्हणजे वाजत्या ढोलाशेजारी नाडी पाहणे. म्हणून चुंबकीय गुणधर्माची तपासणी करून पोरबंदरचा वालुकाश्म आणवण्यात आला. आपल्याकडील दगडी इमारतींतील प्रयोगशाळांत पृथ्वीच्या क्षेत्राचे मूल्य पुस्तकातील आकड्याशी जुळले नाही, तर विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी भिंतीकडे एकदा पाहावे.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे विवेचनासह दोन भाग १९१० मध्ये प्रसिद्ध केले. कुलाबा-अलिबाग मालिका ही जगातील दीर्घतम मालिकांपैकी एक आहे. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाल्यापासून ती या संस्थेकडे आहे.

अल्निको ते निओडिमियम

वेधशाळेत पोलाद पुरेसे होते, पण उद्योगाला ते पुरेना. दूरध्वनी, मॅग्नेटो, विद्युतमापी यांना लहान जागेत बसणारा चुंबक हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टंगस्टनयुक्त पोलाद आले. १९१७ मध्ये जपानमध्ये कोतारो होंडा यांनी कोबाल्टयुक्त पोलाद तयार केले, त्याची निग्राहिता साध्या पोलादाच्या चार-पाच पट होती. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू शोधला. त्यात कोबाल्टची भर पडून अल्निकोचे कुटुंब तयार झाले. अल्निको सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकत्व सोडत नाही, पण त्याची निग्राहिता मात्र पन्नास किलोअँपिअर प्रति मीटरच्या आसपासच राहते. उष्णतेत खंबीर, विरोधात हळवा असा हा चुंबक आहे.

खरी क्रांती झाली ती स्वस्त व तुलनेने दुबळ्या चुंबकाने. फिलिप्सच्या संशोधकांनी १९५२ मध्ये बेरियम फेराइटचा चुंबक जाहीर केला. लोखंडाचे ऑक्साइड आणि बेरियमचा क्षार यांची पूड दाबून, कुंभार भांडी भाजतो तशी भाजून तो तयार होतो. त्याचे अवशिष्ट चुंबकत्व अल्निकोच्या जेमतेम एकतृतीयांश, पण निग्राहिता तिप्पट-चौपट. त्यामुळे चुंबक लांब असण्याची सक्ती संपली आणि चपटी चकती किंवा कडी शक्य झाली. यात्रेतल्या ध्वनिक्षेपकाच्या पाठीमागची जाड काळी कडी, स्वस्त रेडिओतला स्पीकर, फ्रिजच्या दाराची पट्टी ही सारी फेराइटची देणगी आहे. ग्रामीण महाराष्ट्राच्या श्राव्य जीवनाचा इतिहास कोणी लिहिलाच, तर या भाजलेल्या गंजाला त्यात मानाचे पान द्यावे लागेल. गंज म्हणण्याचे कारण असे की, तो आधीच ऑक्साइड असल्यामुळे आणखी गंजत नाही.

विरल मृत्तिका मूलद्रव्यांचे पर्व १९६६ च्या सुमारास कार्ल श्ट्रनाट यांच्या संशोधनाने सुरू झाले. समेरियम-कोबाल्ट चुंबकात शक्ती, निग्राहिता आणि उष्णतेतील स्थैर्य हे तिन्ही गुण एकत्र आले, पण दोन्ही घटक महाग. १९८३ मध्ये जपानमधील मासातो सागावा आणि अमेरिकेतील जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा चुंबक जाहीर केला. त्याचा ऊर्जा गुणाकार, म्हणजे दिलेल्या आकारमानात साठवता येणारी उपयुक्त चुंबकीय ऊर्जा, २०० ते ४०० किलोजूल प्रति घनमीटर इतका असतो. अल्निकोचा सुमारे ४० आणि फेराइटचा ३० च्या आसपास असतो, हे पाहता ही झेप लक्षात येईल. तथापि, तो सुमारे ३१० अंशांना चुंबकत्व सोडतो आणि साध्या स्वरूपात ८० अंशांच्या पुढे वापरता येत नाही. शिवाय तो गंजतो, म्हणून त्यावर निकेलचा मुलामा चढवावा लागतो.

दगडाची स्मृती

या सर्व मानवनिर्मित चुंबकांच्या शेजारी धाराशिवचा दगड ठेवला तर? त्याचे चुंबकन काही अँपिअर प्रति मीटर एवढेच, निओडिमियमच्या तुलनेत लाखांश. परंतु सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्याच्या सूक्ष्म कणांनी तत्कालीन पृथ्वीच्या क्षेत्राची जी दिशा घेतली, ती त्यांनी आजही धरून ठेवली आहे. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील ब्लॅकेट यांच्या गटाने आणि पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या खडकांतील ही दिशा मोजली. यासाठीचे उपकरण म्हणजे एकाच दांड्यावर परस्परविरुद्ध बसवून तंतूने टांगलेले लहान चुंबक, म्हणजे कुलाब्याच्याच उपकरणाचे वंशज. त्यातून दोन गोष्टी समोर आल्या. दख्खनच्या बऱ्याच प्रवाहांतील दिशा आजच्या नेमकी उलटी आहे, म्हणजे त्या काळी पृथ्वीचे ध्रुवच उलटे होते. आणि दगडांतील चुंबकत्वाचा कल पाहता, हा प्रदेश त्या वेळी दक्षिण गोलार्धात, सुमारे ३० अक्षांशांवर होता. खंड सरकतात या तेव्हा वादग्रस्त असलेल्या कल्पनेला भारताच्या खडकांनी दिलेला हा आधार होता.

यातला विशेष असा की, एवढा दुर्बळ चुंबक इतका टिकाऊ असण्याचे कारण त्याच्या कणांच्या आकारात आहे. पुरेसा लहान कण एकाच चुंबकीय प्रांताचा असतो, त्याची दिशा उलटवणे फार कठीण. आधुनिक फेराइट आणि निओडिमियम चुंबक बनवताना पूड अतिशय बारीक दळतात, ती याच तत्त्वावर. भूगर्भाने जे आपसूक केले, तेच कारखान्यात हेतुपूर्वक केले जाते.

आजचा प्रश्न

बालाघाटच्या पठारावर, भूम-वाशीच्या परिसरात, आता पवनचक्क्या उभ्या आहेत. रस्त्यांवर विद्युत दुचाकी धावू लागल्या आहेत. काही प्रकारच्या पवनजनित्रांत आणि बहुसंख्य विद्युत वाहनांच्या मोटारींत निओडिमियम चुंबक लागतात. मोटारीच्या आतले तापमान शंभर अंशांच्या पुढे जाऊ शकते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर सुरुवातच बेचाळीसपासून होते. या उष्णतेत निग्राहिता टिकावी म्हणून चुंबकात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम यांची अल्प भर घालतात. त्यामुळे चुंबकाची शक्ती किंचित कमीच होते. वाफेत चुंबक जुना करण्याचा जो व्यवहार होता, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासूनच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. त्या यादीत निओडिमियम नव्हते, डिस्प्रोसियम, टर्बियम आणि समेरियम होते. शक्ती देणारे द्रव्य मोकळे राहिले आणि कायमपणा देणारी द्रव्ये अडवली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोच्या विद्युत चेतकचे उत्पादन चुंबकांच्या टंचाईमुळे घटले. 'कोणता चुंबक शक्तिमान' एवढ्याच प्रश्नावर वाढलेल्या अभियंत्याला ही यादी वाचून कोडे पडले असेल.

भारताने यापूर्वी मे २०२३ मध्ये विशाखापट्टणम येथे वर्षाला ३,००० किलोग्रॅम क्षमतेचा समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प सुरू केला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने विरल मृत्तिका चुंबकांच्या देशांतर्गत निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन क्षमतेचे आहे. मात्र आपल्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत निओडिमियम पुरेसे मिळते, डिस्प्रोसियम व टर्बियम अत्यल्प. या योजनेतील चुंबक मोटारीच्या उष्णतेत कशाच्या बळावर टिकवायचे, की त्या मोटारींचीच रचना फेराइट चालेल अशी करायची, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे.